बेटावर जायचंय? आधी पुस्तक मुलांच्या हातात द्या



सुट्टी जवळ आली की आमच्या पुरुषोत्तमनगरात दोन प्रश्न सगळीकडे ऐकू येतात. ऊस कधी तुटणार आणि यंदा कुठे जाणार? पहिल्या प्रश्नाचं उत्तर कारखान्याकडे असतं. दुसऱ्याचं उत्तर आजकाल मोबाईलकडे असतं. कोणीतरी व्हिडिओ पाठवतं, निळं पाणी, पांढरी वाळू, मागे गाणं. घरातले म्हणतात, "चला, इथेच जाऊ." तिकीट निघतं, बॅगा भरल्या जातात. आणि मुलांचं काम काय? गाडीत खिडकीजवळची जागा धरायची, एवढंच.

मला यावर थोडं बोलायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. सहलीचं पुस्तक, म्हणजे प्रवास-मार्गदर्शिका, ही मोठ्यांनी चाळायची वस्तू नाही. ती मुलांच्या हातात द्यायची आणि त्यांना सांगायचं, "आपली सहल तू ठरव." त्यातही सहल बेटावरची असेल तर याहून चांगला स्वाध्याय मला तरी सापडलेला नाही.

हे मी शहाणपणाने शिकले नाही. फजिती होऊन शिकले.

सोमवारची गोष्ट

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घारापुरीला जायचं ठरवलं. घारापुरी म्हणजे एलिफंटा. मुलीने आणि मुलाने समुद्र पाहिलेला नव्हता, बेट तर फक्त पुस्तकात. नंदुरबारहून रात्रीच्या गाडीने मुंबई, बोरिवलीला मावसबहिणीकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल पकडून गेटवे. डबे बांधून घेतले होते. मुलगा तर बोटीत बसल्यावर कुठे उभं राहायचं ते आदल्या रात्रीच ठरवून बसला होता.

गेटवेवर पोचलो आणि तिकिटाची चौकशी केली. माणूस हसून म्हणाला, "ताई, आज सोमवार. लेणी बंद असतात."

त्याच संध्याकाळी आमची परतीची गाडी होती.

मुलं काही बोलली नाहीत, तेच जास्त लागलं. आम्ही गेटवेच्या कठड्याला टेकून डबा खाल्ला, कबुतरं पाहिली आणि परत आलो. घरी आल्यावर आठ दिवसांनी कपाट आवरताना मुंबई परिसराची एक मार्गदर्शिका सापडली. मीच कधीतरी पुस्तक प्रदर्शनातून घेतलेली, न उघडलेली. घारापुरीच्या पानावर छोट्या अक्षरात एक ओळ होती. सोमवारी बंद. बस्स. तीन शब्दसुद्धा नाहीत, दोनच.

मी बाई पंधरा वर्षं मुलांना सांगते आहे, "प्रश्नपत्रिका आधी पूर्ण वाचा." आणि स्वतः?

फोन उत्तर देतो, पुस्तक प्रश्न सुचवतं

पालकसभेत हा किस्सा सांगितला तेव्हा एका पालकांनी लगेच विचारलं, "पण मॅडम, हे तर फोनवरपण दिसलं असतं." अगदी बरोबर आहे. दिसलं असतं, पण विचारलं असतं तर. 'एलिफंटा केव्हा बंद असतं?' हा प्रश्न माझ्या मनातच आला नाही. फोन आपण विचारू त्याचं उत्तर देतो. जे विचारायला हवं होतं पण सुचलं नाही, ते तो आपणहून सांगेलच असं नाही. मार्गदर्शिका लिहिणारा माणूस मात्र नवख्या प्रवाशाचा विचार करूनच लिहीत असतो. पहिली बोट केव्हा, शेवटची केव्हा, किती पायऱ्या, सावली आहे का, पिण्याचं पाणी मिळतं का, माकडं आहेत का, कोणत्या दिवशी बंद. ही यादीच मुळात एक शिकवण आहे. नव्या ठिकाणी जाताना काय काय विचारायचं असतं, याची.

व्हिडिओत आणखी एक अडचण आहे. तो फक्त चांगला क्षण दाखवतो. बोटीची वाट बघत उन्हात काढलेला तास, चढताना लागलेली धाप, आजीचा दुखणारा गुडघा हे त्यात येत नाही. घारापुरीला धक्क्यापासून लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. आजीला न्यायचं की नाही हा निर्णय त्या आकड्यावर ठरतो, गाण्यावर नाही.

फोन वाईट आहे असं मी म्हणत नाही. दोघांची कामं वेगळी आहेत. आराखडा पुस्तकावरून करावा, आणि निघण्याआधी ताजी खात्री फोनवरून करावी. उलटं केलं की सोमवार येतो.

बेटच का?

तोरणमाळला जाताना एखादी एसटी चुकली तर दुसरी मिळते, नाहीतर जीप मिळते. बेटावरून परतीची शेवटची बोट चुकली तर? बेट आपल्याला मर्यादा शिकवतं. तिथे समुद्राचं वेळापत्रक चालतं, आपलं नाही. म्हणून बेटाच्या सहलीची तयारी नीट करावीच लागते, आणि म्हणूनच तो चांगला अभ्यास होतो.

ऋतूचंच घ्या. मालवणच्या समुद्रातला सिंधुदुर्ग किल्ला कुरटे बेटावर आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचं काम सुरू केलं आणि १६६७ साली ते पुरं झालं. जवळपास ४८ एकरांचा किल्ला, चहूबाजूंनी खारं पाणी, आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. नावं ऐका, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. माझ्या वर्गातल्या ऊसतोड कामगाराच्या मुलाला 'साखरबाव' हे नाव इतकं आवडलं की तो दिवसभर तेच म्हणत होता. पण या किल्ल्यावर नेणाऱ्या होड्या पावसाळ्यात, साधारण मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत, बंद असतात. म्हणजे जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी 'चार दिवस जाऊन येऊ' असं म्हणणाऱ्यांनी किनाऱ्यावरूनच नमस्कार करायचा. हे पुस्तकात लिहिलेलं असतं. शिवाय मुलांनी मोसमी वाऱ्यांचा धडा शिकलेला असतो. दोन्ही जोडायची जबाबदारी आपली.

आणि भरती-ओहोटी. सातवीच्या भूगोलात हा धडा मी कितीतरी वर्षं शिकवला. फळ्यावर चंद्र काढला, पृथ्वी काढली, बाण काढले. मुलांनी पाठ केलं, लिहिलं, मार्क मिळवले. पण आमच्या मुलांनी पाणी पाहिलंय ते तापीचं. सारंगखेड्याचं किंवा प्रकाशाचं बॅरेज भरलं की पाणी चढतं, दरवाजे उघडले की उतरतं. पाणी चढायला-उतरायला चंद्र लागतो हे त्यांना मनापासून कधी पटलंच नव्हतं.

अलिबागचा कुलाबा किल्ला इथे कामाला येतो. ओहोटीला तिथे पायी किंवा घोडागाडीने जाता येतं, भरतीला होडीच लागते. गेलात आणि वेळेचं भान राहिलं नाही तर परतीची वाट पाण्याखाली जाते. मार्गदर्शिकेत एवढंच लिहिलेलं होतं, 'भरती-ओहोटीची वेळ पाहून जावे.' मुलीने विचारलं, "पण पाहायची कुठे?"

तेव्हा मला कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब आठवला. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं. जो आकडा येईल त्या वाजेच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. तीनला भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे नऊला ओहोटी. एकादशीला सव्वाआठला भरती, सव्वादोनच्या सुमारास ओहोटी. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. हा ढोबळ अंदाज आहे. प्रत्यक्ष जाताना छापील वेळापत्रक बघायचंच आणि तिथल्या लोकांना विचारायचंच. पण बघा ना, यात काय काय आलं. पंचांग आलं, चंद्राच्या कला आल्या, अपूर्णांकांचा गुणाकार आला. आपल्या आजोबांच्या पिढीने पाठ केलेली पाऊणकी आली! "पाऊणकी कशाला शिकायची?" या प्रश्नाचं इतकं चांगलं उत्तर मला आधी मिळालं नव्हतं.

त्या आठवड्यात वर्गात दिनदर्शिकेवरून रोजची भरतीची वेळ काढायची स्पर्धाच लागली. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटरवर, आणि मुलं मधल्या सुट्टीत सांगताहेत, "मॅडम, आता अलिबागला ओहोटी असेल."

आपण प्रवासवर्णन शिकवतो, मार्गदर्शिका नाही

मराठीच्या पाठ्यपुस्तकांत प्रवासवर्णनं असतात आणि असायलाच हवीत. पु. ल. देशपांड्यांचं 'अपूर्वाई' वाचून कितीतरी घरांनी न पाहिलेलं जग पाहिलं. पण प्रवासवर्णन आणि मार्गदर्शिका यांत फरक आहे. प्रवासवर्णन सांगतं, मला काय दिसलं. मार्गदर्शिका सांगते, तू गेलास तर काय कर. पहिलं वाचायला मन लागतं. दुसरं वाचायला नजर लागते. अनुक्रमणिका बघणं, सूचीतून पान शोधणं, नकाशाचं प्रमाण मोजणं, खुणांचा अर्थ लावणं, तक्ता वाचणं, तळटीप न चुकवणं. मोठेपणी बँकेचा फॉर्म, औषधाचं पाकीट, विम्याचा कागद, खताच्या गोणीवरची सूचना वाचायला हीच नजर लागते. ती आपण शाळेत मुद्दाम घडवत नाही. मग बारीक अक्षरातला 'सोमवार' आपल्या नजरेतून सुटतो.

आणि हा प्रकार काही परका नाही. साहेबांच्या भाषेत एकोणिसाव्या शतकात मरे आणि जर्मनीत बेडेकर यांची प्रवासाची हातपुस्तकं निघाली, बेडेकरने पाहण्यालायक जागांना तारे द्यायची पद्धत रूढ केली. १९७३ साली टोनी आणि मॉरीन व्हीलर या जोडप्याने स्वस्तात आशिया ओलांडण्यावर पुस्तिका काढली आणि त्यातून 'लोनली प्लॅनेट' उभं राहिलं. हे सगळं खरं. पण त्याच्या कितीतरी शतकं आधी आपल्या मराठीत महानुभावांची 'स्थानपोथी' होती. चक्रधरस्वामी कोणत्या गावी राहिले, ते स्थान देवळाच्या कोणत्या दिशेला, कुठल्या दारापाशी, याची नोंद त्यात आहे. मागून येणाऱ्या भक्ताला ती जागा बिनचूक सापडावी, हा हेतू. हीच तर मार्गदर्शिका! मुलांना हे सांगितलं की त्यांना दिशा लिहिण्याच्या नेमकेपणाचं महत्त्व पटतं. 'देवळाजवळ' आणि 'देवळाच्या उत्तरेला' यात काय फरक पडतो, ते कळतं.

दुसरी खेप

पुढच्या दिवाळीत आम्ही पुन्हा घारापुरीला गेलो. या वेळी अट एकच होती. मुलगी सातवीत आणि मुलगा चौथीत, दोघांनी मिळून आराखडा करायचा. आम्ही दोघं फक्त पैसे देणार आणि 'का?' विचारणार.

पंधरा दिवस घरात पुस्तक फिरत होतं. मुलीने वहीत तक्ता केला. बोरिवलीहून निघायची वेळ, लोकलला लागणारा वेळ, चर्चगेटहून गेटवेपर्यंत चालत किती, रांगेचा अर्धा तास. गेटवेहून बेट सुमारे दहा किलोमीटर, आणि बोटीला तास लागतो. मुलगा म्हणाला, "म्हणजे बोट तासाला दहाच किलोमीटर जाते? बाबांची सायकलपण जाते!" मग बोट एवढी हळू का, यावर वाद झाला. पाण्याचा विरोध हा शब्द त्याला चौथीतच कळला.

खर्चाचं पानही त्यांनीच केलं. पुस्तकातले दर त्यांनी पेन्सिलीने लिहिले आणि शेजारी मोकळा रकाना सोडला, 'आत्ताचे दर'. हे माझं एक सांगणं आहे, ते पालकांनी जरूर लक्षात ठेवावं. मार्गदर्शिका घेतली की आधी आवृत्तीचं साल बघायला मुलांना शिकवा. पुस्तक खोटं नसतं, पण जुनं होतं. अंदमानचं उदाहरण घ्या. सेल्युलर जेल आणि सावरकरांमुळे मराठी माणूस अंदमानला आवर्जून जातो. पण जुन्या पुस्तकात हॅवलॉक आणि नील ही बेटं दिसतील. २०१८ च्या डिसेंबरपासून त्यांची नावं स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप आहेत. पोर्ट ब्लेअरचंही २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. तिकीट एका नावाचं आणि पुस्तक दुसऱ्या नावाचं, असं झालं की माणूस गोंधळतो. छापलेलं तपासून घ्यायचं असतं, हे शिकायला यापेक्षा सोपी वाट कोणती?

तपासण्यावरून आठवलं. काही गोष्टी कुठल्याच पुस्तकाच्या भरवशावर सोडू नयेत. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि काही प्रवासी जिवाला मुकले. बोटीत पाय ठेवला की लाइफ जॅकेट मागून घ्यायचं, अंगात घालायचं, आणि 'गर्मी होते' ही सबब ऐकायची नाही. फोटोत चांगलं दिसत नाही म्हणून जॅकेट काढणारे मोठे मी पाहिलेत. मुलं आपल्याकडूनच शिकतात.

बेटावर पोचलो. धक्क्यापासून छोटी आगगाडी, मग पायऱ्या, मग पहिली लेणी. मुलगी पुस्तकातलं मोठ्याने वाचत होती. लेणी साधारण सहाव्या शतकातली, १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, तीन मुखांची सदाशिवाची मूर्ती सुमारे वीस फूट उंच. पोर्तुगिजांना इथे दगडी हत्ती दिसला म्हणून त्यांनी 'एलिफंटा' नाव दिलं. तो हत्ती आता बेटावर नाही. इंग्लंडला न्यायच्या खटपटीत तो मोडला, आणि आता भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी जोडून उभा आहे.

"मग उद्या हत्ती बघू," मुलगा म्हणाला. आणि खरंच, दुसऱ्या दिवशीचा बेत बदलला. पुस्तक वाचल्याचा हा फायदा. एका जागेहून दुसऱ्या जागेचा धागा सापडतो.

आता पुस्तक मिटा

इथे मला दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण मी पुस्तकाची एवढी भलावण केली. त्या मूर्तीसमोर मुलगी वाचतच होती. 'डावीकडचं मुख उग्र, मधलं शांत, उजवीकडचं...' ती मूर्तीकडे बघतच नव्हती, पुस्तकात जे लिहिलंय ते आहे की नाही याची हजेरी घेत होती. तेव्हा मी म्हटलं, "मिट आता. दहा मिनिटं नुसतं बघ."

ती बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, मधला चेहरा श्वास घेतोय असं वाटतं." हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

म्हणून माझा नियम असा आहे. पुस्तक जायच्या आधी भरपूर उघडायचं, तिथे पोचल्यावर बरंच मिटायचं, आणि परत आल्यावर पुन्हा उघडायचं. आल्यावर उघडलं की काय राहिलं, काय वेगळं दिसलं, पुस्तकाने काय सांगितलंच नाही, ते कळतं.

आणि पुस्तक जे सांगत नाही, ते बहुतेक वेळा माणसांबद्दल असतं. आमच्या पुस्तकात घारापुरीच्या लेण्यांना चार पानं होती आणि गावाला अर्धी ओळ. पण या बेटावर राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशी माणसांची वस्ती आहे. पायऱ्यांच्या कडेला काकडी आणि चिंचा विकणाऱ्या एका मावशींजवळ आम्ही बसलो. मुलाने सहज विचारलं, "तुमच्याकडे लाइट जाते का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे लाइट आली तेच उशिरा, बाळा." समुद्राच्या तळातून केबल टाकून या बेटाला कायमची वीज मिळाली ती २०१८ मध्ये. मुंबईचे दिवे रोज रात्री समोर दिसतात, आणि आपल्याकडे जनरेटरचे काही तास. माझा मुलगा गप्प झाला. परतीच्या बोटीत त्याने विचारलं, "आपल्यासाठी सहल आहे, पण त्यांच्यासाठी ते घरच आहे ना?"

याच प्रश्नासाठी आम्ही गेलो होतो असं मला आज वाटतं.

ज्यांना जाता येत नाही त्यांचं काय?

आता कोणी म्हणेल, मॅडम, तुम्हाला पगार आहे, तुम्ही जाता. आमच्या वर्गातली निम्मी मुलं गळीत हंगामात आई-बापाबरोबर फडावर असतात. त्यांना कुठली बेटं? एका आईने मला आपल्या अहिराणीत सरळच विचारलं होतं, "कसाले एवढा खर्च?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याला टाळून हा लेख पुरा होऊ शकत नाही.

पहिली गोष्ट, आराखडा करायला पैसे लागत नाहीत. वर्गात एक मार्गदर्शिका असली तरी पाच गट पाच बेटांचे आराखडे करू शकतात. घारापुरी, सिंधुदुर्ग, कुलाबा, मुरूडचा जंजिरा, गोव्याचं चोडण. चोडण बेटावर डॉ. सलीम अली यांच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे, तिथे फेरीबोटीने जातात. सहल कागदावर झाली तरी नकाशा, वेळ, अंतर, खर्च हे सगळं खरंच शिकून होतं. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे. त्यातला एक दिवस याला द्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बेट पाहायला कोकणातच जायला हवं असं नाही. आपल्याच जिल्ह्यात, धडगाव आणि अक्कलकुव्याच्या नर्मदाकाठी, सरदार सरोवराचं पाणी चढलं तेव्हा काही पाडे पाण्याने वेढले गेले. तिथल्या लोकांना बाजाराला, दवाखान्याला होडीनेच जावं लागतं. त्यांच्यासाठी तरंगता दवाखाना चालतो. तिथल्या मुलाला होडी म्हणजे सहल नाही. आमच्या शाळेत त्या भागातून आलेला एक मुलगा होता. सगळे बोटीची मजा सांगत असताना तो म्हणाला, "मला होडीचा कंटाळा आहे." त्या दिवशी वर्गाला बेट या शब्दाचा दुसरा अर्थ कळला. चारी बाजूंनी पाण्याने वेढलेला जमिनीचा भाग, ही व्याख्या पाठ होती. वेढलं जाणं म्हणजे काय, ते त्याने सांगितलं.

मग आम्ही उलटा उपक्रम केला. मुलांना म्हटलं, समजा मालवणचं एखादं कुटुंब पुरुषोत्तमनगरला आलं. त्यांनी कधी ऊस तुटताना पाहिला नाही, गुऱ्हाळ-कारखान्याचा फरक त्यांना माहीत नाही. त्यांच्यासाठी तुम्ही मार्गदर्शिका लिहा. आणि काय सांगू, मुलांची लेखणी थांबेना. तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशा, तिथलं केदारेश्वराचं मंदिर, १९५५ साली तिथे झालेलं उत्खनन आणि निघालेली ताम्रपाषाण काळातली वस्ती. दत्तजयंतीची सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा. उनपदेवचे गरम पाण्याचे झरे. तोरणमाळचा यशवंत तलाव. पण मला सर्वांत आवडल्या त्या सूचना. 'उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार बाहेर पडू नये.' 'उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी असेल तर धीर धरावा.' 'फडात ऊस मोडून खाण्याआधी मालकाला विचारावे.' आणि एका मुलीने लिहिलं होतं, 'कोपीचा फोटो काढण्याआधी आत राहणाऱ्यांना विचारावे.'

ती मुलगी ऊसतोड कामगाराची होती. तिने कोणाला उपदेश केला नव्हता. पाहुण्याने कसं वागावं, ते तिने एका ओळीत सांगितलं. मी ती ओळ नंतर दरवर्षी सहलीला निघण्याआधी वर्गात वाचून दाखवते.

करून बघण्यासारखं

लांबलचक यादी देत नाही. माझ्या अनुभवातून चारच गोष्टी सांगते.

१. घरात किंवा वर्गात एक तरी छापील मार्गदर्शिका ठेवा. जुनी चालेल, जुनी असेल तर उलट बरंच. 'यातलं काय बदललं?' हा स्वाध्याय आयता मिळतो.

२. जाण्याआधी मुलांकडून पाच प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या. कोणत्या दिवशी बंद? पहिली आणि शेवटची बोट केव्हा? ऋतू योग्य आहे का? पाणी आणि सावली आहे का? घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या आणि सर्वांत लहान माणसाला झेपेल का? पाचवा प्रश्न विसरू नका. त्यात भूगोलापेक्षा संस्कार जास्त आहेत.

३. तिथे पोचल्यावर थोडा वेळ पुस्तक आणि फोन दोन्ही मिटवा. आणि तिथे राहणाऱ्या एका तरी माणसाशी मुलांना बोलू द्या. काही विकत घेऊन बोललं तर आणखी बरं.

४. परत आल्यावर 'मला सहल आवडली' हा निबंध देऊ नका. त्याऐवजी सांगा, 'पुस्तकात नसलेल्या तीन गोष्टी लिहा.'

यातून मुलांचं वाचन वाढेल, गणित सुधारेल, हे तर आहेच. पण माझा आग्रह त्याहून साध्या गोष्टीसाठी आहे. आपली मुलं प्रवासाला नेली जातात, ती प्रवास करत नाहीत. पुढे शिकायला पुण्याला, कामाला सुरतेला, कुठे कुठे एकट्यानेच जायचं आहे त्यांना. नवख्या जागी पाय ठेवण्याआधी वाचावं, विचारावं, तपासावं आणि तिथल्या माणसाचा मान ठेवावा, ही सवय लागली तर ती कुठेही हरवणार नाहीत.

आमच्या घारापुरीच्या पानावर मुलाने आता पेन्सिलीने जाड अक्षरात लिहून ठेवलंय, 'आईसाठी : सोमवार!!' दोन उद्गारचिन्हं आहेत. एक पुरेसं असतं असं मराठीची शिक्षिका म्हणून मला सांगता आलं असतं. पण मी ते खोडलं नाही.

तुमच्या शाळेत किंवा घरी असं काही केलं असेल तर जरूर कळवा. आणि यंदाच्या सुट्टीत कुठे जाणार असाल, तर निघण्याआधी वार बघून घ्या.